साहाय्यकाची साक्ष

चित्रपटव्यवसायातील आत्मचरित्रांचे परीक्षण करताना आपले समीक्षक बहुधा कीर्तीच्या प्रकरणांपाशी रेंगाळतात. उमेदवारीची वर्षे ‘हालअपेष्टा’ ह्या एका शब्दात उरकली जातात. आमच्या मते व्ही. शांताराम यांच्या ‘शांतारामा’ ह्या आत्मकथनाचे वाङ्मयीन मोल १९२० ते १९२९ ह्या काळाच्या कथनावरून ठरवावे. ‘प्रभात’ वा ‘राजकमल’ यांच्या वैभवावरून नव्हे. पुस्तकाचे नावच संबोधन आहे, आणि संबोधनाला कोणीतरी हाक मारणारा लागतो.

हा मुलगा प्रथम कामाला लागला तो आमच्या हुबळीत, रेल्वेच्या कारखान्यात. पुढे येथल्याच एका पत्र्याच्या चित्रपटगृहात तो पडेल ते काम करी. देशपांडे नगरात बसून आम्ही हे लिहितो ते निव्वळ स्थानाभिमानाने नव्हे (तो थोडासा असेलही). १९२० साली मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने तो कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेला, तेव्हा त्याच्याजवळ विद्या नव्हती, परंतु यंत्राला सरावलेले हात होते. आणि ज्यांच्या हाताखाली तो गेला, ते बाबूराव पेंटर स्वतः हातांचेच उपासक. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता त्यांनी कॅमेरा घरी घडविला होता. पात्रांची वेषभूषा नि हालचाली ते आधी कागदावर रेखाटीत. अशा गुरूचा साहाय्यक म्हणजे चिटणीस नव्हे. झाडलोट, रंगकाम, रसायनशाळा आणि वेळ पडेल तेव्हा तोंडाला रंग, असे सर्वच त्याच्या वाट्याला येई. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावणारा तरुण शेतकरी शांतारामांनीच रंगविला. गुरूची रीत कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी पाहण्याचा असा योग फार थोड्यांस लाभतो. ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ यांतील वास्तवाची ओढ येथून सुरू झाली, असे आम्हांस वाटते.

खरा प्रश्न मात्र साक्षीचा आहे. बाबूरावांच्या मूकपटांचे थोडेच अंश आज उरले आहेत. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याला पेंटर कळतात ते बव्हंशी त्यांच्या सहकाऱ्यांच्या तोंडून. त्यांतील दोन प्रमुख साक्षीदार, ‘चित्र आणि चरित्र’चे कर्ते पेंढारकर आणि शांताराम, हे मावसभाऊ, दोघांचीही वाट पुढे ‘प्रभात’कडे गेली. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे गुरूला सोडून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी नवी संस्था काढली. अशा शिष्याच्या लेखणीपुढे दोन मोह उभे असतात. एक भक्तीचा, दुसरा आत्मसमर्थनाचा. आणि पुष्कळदा पहिला दुसऱ्याचे वस्त्र होतो. त्या वियोगाची दुसरी बाजू ह्या पुस्तकात असणे शक्यच नव्हते. ती बाबूरावांनीच लिहावयास हवी होती. म्हणून गुरूविषयीची प्रत्येक आदराची ओळ खोटी मानावी असे नाही. परंतु ती सोडून गेलेल्याची ओळ आहे, एवढे भान वाचकाने ठेवावे. वर्गात आत्मचरित्र शिकविताना आपण हे भान देतो काय? आमचा अनुभव तरी असा, की विद्यार्थी ‘मी’ला प्रमाण मानून मोकळा होतो.

विश्राम बेडेकरांचे ‘एक झाड आणि दोन पक्षी’ ह्या संदर्भात मुद्दाम शेजारी ठेवावे. बेडेकर स्वतःलाच तृतीय पुरुषात उभे करतात. त्यामुळे शांतारामांबरोबर काम करणारा लेखक आणि तो लेखक पाहणारा लेखक असे दोघे पानावर येतात. साहाय्यकाच्या कथनाला हवे असलेले अंतर येथे आहे. ‘शांतारामा’त ते नाही; तेथे वेग आहे, तपशील आहे, आणि कष्टाविषयीची निरोगी ऐट आहे.

बाबूरावांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून काढला. नायकाच्या जागी आता शांताराम नव्हते. त्याच वर्षी पुण्याच्या ‘प्रभात’मधून दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ प्रकाशित झाला.