काटा-सुरीचे प्रकरण

परदेशाहून परतलेल्या मराठी माणसाने प्रवासवर्णन लिहायला घेतले, की त्यात काटा-सुरीचे एक प्रकरण यायचेच. वाटाणा ताटातून उडतो, शेजारच्या मडमेच्या मांडीवर पडतो, लेखक लाजेने लालबुंद होतो. आपण हसतो आणि लेखक पुढच्या गावाला जातो. फराळाच्या ताटात चकली असावी, तसे हे प्रकरण आपण गृहीतच धरले आहे. माझी तक्रार एवढीच, की ही चकली आता मऊ पडली आहे.

ती मऊ का पडली? या लेखकांनी हत्यारांविषयी पुष्कळ लिहिले. ती हाती धरणाऱ्या माणसाविषयी मात्र फार थोडे. मी स्वतः काही काळ जर्मनीत एका कुटुंबात राहिलो, तेव्हा वाटाणा मला मुळीच जड गेला नाही. जड गेला तो डावा हात. युरोपात काटा डाव्या हातात धरतात आणि घास त्याच हाताने तोंडात घालतात. लहानपणी पंगतीत डावा हात नुसता पानाकडे वळला, तरी आजी डोळे वटारायची. तोच हात तोंडाशी नेताना पहिले आठ दिवस घास घशाखाली उतरेना. सुरी व काटा बशीत शेजारी शेजारी ठेवले, की 'जेवण झाले' असा त्याचा अर्थ होतो, हेही मला ठाऊक नव्हते. दम खायला म्हणून ते तसे ठेवले, आणि यजमानीणबाई माझी अर्धी भरलेली बशी प्रसन्न मुद्रेने उचलून घेऊन गेल्या!

यावर हसावे, मीही हसतो. पण आपल्या लेखकांच्या हसण्यात एक खोट असते. साहेब तेवढा नियमांनी जखडलेला आणि आपण आपले मोकळेढाकळे, असा त्यांचा सूर असतो. अहो, आपली पंगत काय कमी कडक होती? मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे; चित्राहुती घातल्यावाचून घास नाही, आणि सगळ्यांचे झाल्यावाचून उठणे नाही. नियमांतून नियमांत गेलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. ती मोकळ्या रानातून पिंजऱ्यात गेलेल्या पाखराची करून सांगितली, की विनोद स्वस्त होतो.

शिवाय ताटात काय आहे आणि ते कोणाच्या हातचे आहे, हा प्रश्न एके काळी आपल्याकडे चेष्टेचा नव्हता. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी सेरामपूरच्या भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सांगितले. आहार आणि पोशाख बदलणार नाही, हेही सांगितले. तशी ग्वाही जाहीरपणे द्यावी लागली, यातच त्या काळाचा धाक दिसतो. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला गेला, तर केवढे वादळ उठले! मंडळींत रानडे होते, टिळक होते. हा बोभाटा करण्यात पुढाकार होता तो आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव यांचा, हा दैवाचा विनोद कोणत्याही प्रवासवर्णनातल्या वाटाण्याहून मोठा आहे.

या विषयावर मी वाचलेले सर्वांत सच्चे पान प्रवासवर्णनात नाही. ते गांधीजींच्या आत्मकथेत आहे. सप्टेंबर १८८८मध्ये ते मुंबईहून निघाले. काटा-सुरी धरता येत नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस होत नाही, म्हणून ते बोटीवर टेबलाशी गेलेच नाहीत. बरोबरची मिठाई आणि फळे खाऊन खोलीतच राहिले. पुढे लंडनला एका मित्राने त्यांना हॉबर्नच्या भव्य उपाहारगृहात नेले. एवढ्या थाटामाटात हा भिडेपोटी काही विचारणार नाही, असा मित्राचा होरा. पहिले सूप आले. ते कशाचे, हे विचारण्यासाठी गांधीजींनी वाढप्याला बोलावले मात्र, मित्र कडाडला: सभ्य माणसांत वागता येत नसेल, तर बाहेर जा! गांधीजी बाहेर गेले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते. त्या रात्री ते उपाशी राहिले, आणि मित्राबरोबर नाटकाला मात्र गेले.

सांगण्याची रीत पाहा. मित्राला खलपुरुष केलेले नाही, स्वतःला हुतात्मा केलेले नाही. उपास एका वाक्यात उरकला आहे. बाहेर जायला सांगितल्याचा आपल्याला आनंदच झाला, असे ते म्हणतात! त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. बाँड स्ट्रीटचा दहा पौंडांचा पोशाख, १९ शिलिंगांची उंच टोपी, नाच, फ्रेंच, व्हायोलिन, ही सारी सभ्यपणाची हौस त्या सुपानंतर सुरू झाली. मांस खाणार नाही, तर निदान बाकीच्या बाबतींत तरी सुधारू, असा तो हिशेब. वीस वर्षांच्या आतल्या त्या मुलाने शिकता येण्यासारखे सारे शिकायची तयारी ठेवली, आणि एक प्रश्न तेवढा सोडला नाही. शिष्टाचार कोठवर पत्करावा, याची सीमारेषा त्या एका सुपाच्या बशीने आखून दिली आहे.

आता पु. ल. देशपांडे. 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली, आणि तेव्हापासून मराठी प्रवासवर्णन हसू लागले. तो दोष पु.लं.चा नव्हे. ते हसतात ते आधी स्वतःला, आणि त्यांच्या हसण्याखाली परक्या घरी गेलेल्या मध्यमवर्गी माणसाचे भांबावलेपण सतत जाणवते. त्यांच्यामागून आलेल्यांनी हसू तेवढे उचलले. भांबावलेपण तिथेच राहिले. कलम लावायचे, तर मूळ झाड हवे, याचा त्यांना विसर पडला.

हे मी न्यायाधीशाच्या थाटात लिहीत आहे खरा. पण माझी साक्ष काय आहे? जर्मनीतल्या त्या घरी एका रविवारी सूप आले. वासावरूनच संशय आला होता. यजमानीणबाई मायेने पाहत होत्या. तोवर काटा-सुरीत मी पुरा तरबेज झालो होतो. चमच्याचा आवाजही होत नव्हता. मी विचारले नाही. गुमान प्यालो, आणि 'छान झाले आहे' असेही म्हणालो. नंतर कळले, की ते गोमांसाचेच होते. परत आल्यावर मीही वाटाण्याचा किस्सा शंभर वेळा सांगितला. सुपाचा आज प्रथम सांगतो आहे. बाई रागावल्या असत्या, असे मला आजही वाटत नाही. धाक त्यांचा नव्हताच. गावंढळ ठरण्याचा होता.

आता पुण्या-नागपूरची मुले वाढदिवसाच्या मेजवानीतच काटे-चमचे शिकतात. तेव्हा वाटाण्याचे प्रकरण बंद करायला हरकत नाही. सुपाचे प्रकरण मात्र अजून कोणीतरी मराठीत लिहायचे आहे. या दिवाळीत तुमच्याही घरी परदेशातून फोन येईल, आणि मूल म्हणेल, 'सगळं जमतंय गं आई, काळजी करू नकोस.' तेव्हा काय काय जमते, ते जरूर ऐका. काय विचारायचे राहून गेले, तेही एकदा हळूच विचारा.