भीमसेन जोशी ते बॉब डिलन: चार उड्यांचा हिशोब



आज आपण एका खेळाबद्दल बोलणार आहोत. विषय वाचून काहींना वाटलं असेल, की या वयात यांना पोरखेळ सुचला. (हशा) पण कोणत्याही खेळाचे नियम म्हणजे जगाविषयीची काही गृहीतकं असतात, आणि गृहीतकं तपासणं हा आमचा जुना धंदा.

खेळ असा. दोन कलावंत घ्यायचे, शक्यतो एकमेकांपासून फार लांबचे. दोघांनी एकत्र काम केलेलं असेल तर एक दुवा. नसेल तर मधला माणूस शोधायचा, मग त्याच्या पलीकडचा, असं करत कमीत कमी उड्यांत पैलतीर गाठायचा. याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. गणितातले लोक पॉल एर्डश या हंगेरियन गणितज्ञापासून आपलं अंतर मोजतात, म्हणजे त्याच्याबरोबर निबंध कोणी लिहिला, त्या माणसाबरोबर पुढे कोणी लिहिला, असं. १९९४ साली पेनसिल्व्हेनियातल्या तीन कॉलेजविद्यार्थ्यांनी केव्हिन बेकन या नटाभोवती तसाच खेळ रचला. आणि मूळ कल्पना फ्रिग्येश कारिंथी या हंगेरियन लेखकाच्या १९२९ सालच्या एका कथेत सापडते.

आपण खेळून बघू. एका टोकाला पंडित भीमसेन जोशी, दुसऱ्या टोकाला बॉब डिलन. भीमसेनजी आणि लताबाई यांनी श्रीनिवास खळ्यांच्या संगीतात 'राम श्याम गुणगान' केलं. ही एक उडी. १९६० च्या 'अनुराधा'त लताबाई गायल्या, त्याचं संगीत पंडित रविशंकरांचं. दोन. रविशंकरांच्या १९७४ च्या 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' या रेकॉर्डची निर्मिती जॉर्ज हॅरिसनने केली आणि तो तीत वाजवलाही. तीन. पुढे १९८८ साली हॅरिसन आणि डिलन 'ट्रॅव्हलिंग विलबरीज' या बँडमध्ये एकत्र होते. चार. संपलं! गदगहून मिनेसोटाला आपण चार उड्यांत पोचलो.

हे ऐकून मजा वाटते, आणि वाटायला हवी. संगीत एकट्याने होत नाही, ते माणसामाणसांमधून वाहत येतं, ही गोष्ट हा खेळ चटकन दाखवून देतो. तेवढं श्रेय त्याला आधी देऊन टाकू. आता तपासणी.

पहिला प्रश्न: 'एकत्र' म्हणजे काय? १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. त्यात रविशंकर होते, अली अकबर खाँ होते, अल्लारखाँ होते आणि डिलनही होता. तो दुवा धरला तर आपल्या उड्या चाराच्या तीन होतात. पण रविशंकर आणि डिलन एकमेकांबरोबर वाजवायला बसले नव्हते. एकाचं झालं, मग पुढे दुसऱ्याचं. एकाच लग्नात जेवलेले दोघे जण नातेवाईक ठरतात का? खेळाला हा प्रश्न पडत नाही. त्याला फक्त यादीत दोन नावं जवळजवळ दिसावी लागतात.

आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक परंपरेत यासाठी दोन चांगले शब्द आहेत, संयोग आणि समवाय. पक्षी फांदीवर बसला, हा संयोग. तो उडून गेला तरी पक्षी पक्षीच राहतो आणि फांदी फांदीच. धागे आणि कापड यांचं नातं वेगळं. धागे काढून घेतले तर कापड उरतच नाही. हा समवाय. शास्त्री मंडळी आम्हाला माफ करोत, आपण हे शब्द जरा ताणून वापरतोय. पण मुद्दा कळावा. हा खेळ फक्त संयोग मोजतो.

आता याच मापाने अब्दुल करीम खाँ आणि भीमसेन जोशी यांचं अंतर मोजा. खाँसाहेब १९३७ साली गेले, तेव्हा भीमसेन पंधरा वर्षांचे. दोघांचं एकत्र गाणं नाही, एकत्र रेकॉर्ड नाही. खेळाच्या वहीत सरळ दुवा शून्य. आणि वस्तुस्थिती काय? खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून हा मुलगा वेडा झाला, आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. पुढे तो शिकला तो सवाई गंधर्वांकडे, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. त्या गळ्यातून खाँसाहेबांचा सूर काढून घ्या आणि सांगा काय उरतं! एका बाजूला डिलनशी चार उड्यांचं नातं, ज्याने भीमसेनांच्या एका तानेतही फरक पडला नाही. दुसऱ्या बाजूला हे नातं, ज्याच्याशिवाय ते गाणंच नाही. खेळ पहिलं नातं दाखवतो, दुसरं त्याला दिसत नाही. संगीत समजून घ्यायचं साधन म्हणून कोणी हा खेळ पुढे करत असेल, तर हा दोष लहान नाही.

दुसरा प्रश्न आम्हाला जास्त टोचतो. खेळ चालतो तो छापलेल्या नावांवर. ज्याचं नाव छापलंच नाही, त्याचं काय?

बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर्स' रेकॉर्डमध्ये हॅरिसनचं एक गाणं आहे, 'विदिन यू विदाउट यू'. त्यात दिलरुबा, तबला, तंबोरा वाजवणारे लंडनमधले भारतीय वादक होते. वेष्टनावर नाव कोणाचंच नव्हतं. जवळजवळ पन्नास वर्षांनी संशोधकांनी ती शोधून काढली: अण्णा जोशी, अमृत गज्जर, नटवर सोनी, बुद्धदेव कनसारा. विचार करा, जगातल्या सर्वांत गाजलेल्या रेकॉर्डपैकी एक! ही मंडळी अर्धशतक खेळाबाहेर होती. वाजवलेलं ऐकू येत होतं, वाजवणारा मात्र नव्हता.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात तर हे रोजचंच होतं. गोव्यातल्या पॅरिश शाळांत स्टाफ नोटेशन शिकून आलेले वादक आधी हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये वाजवत, मग स्टुडिओत. संगीतकार चाल सांगायचा, आणि व्हायोलिनच्या ताफ्याने काय वाजवायचं, ट्रम्पेटने कुठे उठायचं, हे कागदावर उतरवायचा अरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम केलं. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर होते. 'अलबेला' आपल्या पिढीने किती वेळा पाहिला? त्यात आपण ज्या ठेक्यावर पाय हलवले, त्यामागे कोण होतं हे आपण कधी विचारलं नाही. पडद्यावर नाव यायचं संगीतकाराचं. अरेंजर 'सहायक' म्हणून आला तर आला, वादक बहुधा नाहीच. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक प्यारेलालजींचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गाण्यातच गुरूचं नाव घातलं. सगळ्या देशाला ते नाव पाठ झालं, आणि बहुतेकांना वाटलं ते काल्पनिक आहे.

कोणी म्हणेल, सर, एवढ्याशा खेळाला किती झोडपाल? झोडपायचं कारण असं, की हा आता नुसता खेळ राहिलेला नाही. मोबाइलवरच्या संगीताच्या अ‍ॅपमध्ये एका नावावर बोट ठेवून आपण दुसऱ्या नावाकडे जातो, तो हाच खेळ. उद्याची मुलं संगीताचा इतिहास याच वाटांनी फिरून शिकणार. नोंदीत नाही तो वाटेवर नाही.

मग हा खेळ टाकून द्यायचा का? आम्ही तसं म्हणणार नाही. २००३ साली पाब्लो ग्लायझर आणि लिऑन दानोन या संशोधकांनी १९१२ ते १९४० या काळातल्या जॅझ बँडचं असंच जाळं मांडलं. कोण कोणाबरोबर वाजवतो, एवढीच माहिती. त्या जाळ्यात दोन गोष्टी उमटल्या. एक, ज्या शहरात रेकॉर्डिंग व्हायचं त्यानुसार गट पडले होते. दुसरी, काळे वादक आणि गोरे वादक वेगळे पडले होते. त्या माहितीत अन्यायाबद्दल एक अक्षर नव्हतं, तरी भिंत दिसली. म्हणून आमचं म्हणणं असं, की हा खेळ उडी कुठे बसते यापेक्षा कुठे अडते हे बघण्यासाठी खेळावा. मराठी संगीतात खेळून बघा. ख्यालगायकापासून तमाशाच्या फडातल्या ढोलकीवाल्यापर्यंत किती उड्या लागतात? नाट्यसंगीतापासून शाहिराच्या डफापर्यंत? दुवा सापडत नसेल तर तिथे थांबायचं आणि विचारायचं: हे दोघे खरोखर कधी एकत्र आले नाहीत, की आले आणि कोणी लिहून ठेवलं नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर समाजात शोधायचं, दुसऱ्याचं आपल्या आळसात.

त्या आळसावर उपाय आपल्या हाती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या मैफलींच्या कॅसेट पडून आहेत. लेबलावर काय असतं? गायकाचं नाव, राग, फार तर तारीख. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर बसलेली मुलगी कोण, हे त्या रात्री हजर असलेल्या माणसालाच ठाऊक. ती माणसं आता आमच्या वयाची आहेत, हे ध्यानात घ्या. (हशा) हसू नका, खरं आहे. पुढच्या व्याख्यानापर्यंत प्रत्येकाने एक तरी कॅसेट काढावी, घरातल्या जाणत्या माणसाला ऐकवावी आणि सगळी नावं लिहून घ्यावीत. तंबोऱ्यासकट.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.