ज्युरीनंतरचा नकाशा



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस आर्किटेक्चरवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. मलाही तो पडला होता. आमच्या भागातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजने मला ज्युरीला बोलावलं, तेव्हा मी म्हटलं, ‘बाबांनो, मला साधी सरळ रेघ मारता येत नाही.’ ते म्हणाले, ‘सर, रेघा आम्ही मारतो. तुम्ही फक्त प्रश्न विचारा.’ प्रश्न विचारणं हा आमचा जन्मभराचा धंदा. म्हणून गेलो. तिथे माझ्या हातून एक चूक झाली, ती आज तुमच्यासमोर ठेवायची आहे. पण त्याआधी ज्युरी म्हणजे काय ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत सगळेच त्या क्षेत्रातले नाहीत.

भिंतीवर मोठमोठे नकाशे लावलेले असतात, टेबलावर पुठ्ठ्याचं मॉडेल असतं आणि शेजारी दोन रात्री न झोपलेलं लेकरू उभं असतं. समोर आम्ही तीन-चार परीक्षक. दहा मिनिटं त्याने मांडायचं, मग आम्ही टीका करायची. त्यानंतर दोन-तीन आठवडे जातात आणि तोच नकाशा सुधारून पुन्हा भिंतीवर येतो. माझ्या मते शिक्षण होतं ते या मधल्या काळात. आपण मात्र पहिली ज्युरी पाहतो, शेवटची पाहतो, आणि मधे त्या मुलाच्या डोक्यात काय झालं याची चौकशी करत नाही.

त्या वेळी विषय होता दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या एका गावी चाळीस मुलींचं वसतिगृह. अट एकच, इमारत ‘शाश्वत’ हवी. आता हा शब्द आमच्या शास्त्रात आत्म्यासाठी राखून ठेवलेला आहे. इमारतीला तो लावताना जरा जपून लावावा. असो.

एका मुलाचं उदाहरण घ्या. हुशार पोट्टा. त्याने दक्षिणेच्या प्रत्येक खिडकीवर सुंदर आडवे पडदे काढले होते, ऊन अडवायला. एका परीक्षकाने विचारलं, ‘मे महिन्यात यांचा उपयोग किती?’ पोरगा म्हणाला, ‘सर, सूर्य दक्षिणेकडे असतो.’ पुस्तकात तसंच असतं, कारण ती पुस्तकं बहुधा थंड देशांत लिहिलेली. अमरावती आणि अकोला २१ अंश अक्षांशाच्या जरा खाली आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडे पेपरात ‘शून्य सावली दिवस’ म्हणून बातमी येते, तोच हा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा येतो. या दोन दिवसांच्या मधे सूर्य दिवसभर किंचित उत्तरेच्याच अंगाला असतो. म्हणजे पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. ते पडतं छपरावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. ते पडदे ऑक्टोबरच्या उकाड्यात कामाला आले असते, नाही असं नाही. पण मेमध्ये त्या चाळीस मुली भाजणार होत्या त्या छपराखाली, आणि त्या छपराबद्दल नकाशात एक ओळ नव्हती.

तीन आठवड्यांनी पोरगा परत आला. पडदे होते तसेच होते. छपरावर सोलर पॅनेल आले होते, पश्चिमेला वेलींची हिरवी भिंत आली होती आणि चार मोठे कूलर आले होते. टीकेच्या प्रत्येक वाक्याला त्याने एकेक वस्तू चिकटवली होती. दुकानदार गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून पिशवीत काहीतरी जास्तीचं टाकतो ना, तसं.

आता हिशेब करू. मोठा कूलर उन्हाळ्यात दिवसाला शंभरेक लिटर पाणी सहज पितो. चार कूलर, नव्वद दिवस, म्हणजे ३६,००० लिटर. हिरव्या भिंतीचं पाणी वेगळंच. आणि गाव कुठलं? खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते पाणी कूलरला घातलं तर ताट्यांवर क्षाराचा थर चढतो आणि त्या दगडासारख्या होतात. वेलींना घातलं तर वेली जळतात. वान धरणासारख्या ठिकाणाहून नळाने येणारं गोडं पाणी प्यायचं आहे, आणि ते रोज येईलच असं नाही. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर नुसता वारा घालतो. पोराने टीका ऐकली होती, पण तो ज्या गावासाठी इमारत काढत होता त्या गावाचं काही ऐकलं नव्हतं.

इथे मला आमचं न्यायशास्त्र आठवतं. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून दोघं मिळून प्रमाणांच्या आधारे बोलतात तो वाद. नुसतं जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करून बोलतात तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच मांडायचा नाही, फक्त समोरच्याचं मोडायचं, ती वितंडा. आपल्या ज्युऱ्यांत वितंडा फार चालते. ‘यात काही दम नाही’, ‘कन्सेप्ट दिसत नाही’, असं म्हणून परीक्षक मोकळा होतो. या वाक्यांना उत्तर काय देणार? विद्यार्थी मग जल्पाने उत्तर देतो. वस्तू वाढवतो, रंग वाढवतो, इंग्रजी शब्द वाढवतो. वाद होतच नाही. त्या मुलाला मी सगळा दोष देत नाही. तीन आठवड्यांपूर्वी आमच्यापैकी कोणीतरी ‘छपरातून आत येणारी उष्णता कशी कमी करशील, आणि त्याला पाणी किती लागेल?’ असं विचारलं असतं, तर त्याला हिशेब करावा लागला असता. एकमजली इमारतीत बहुतेक उष्णता वरूनच येते.

आता माझी चूक.

त्याच ज्युरीत एक मुलगी होती. तिने सिमेंट-काँक्रीटची साधी, नीटनेटकी इमारत काढली होती. मला ती रूक्ष वाटली. मी बोललो, आणि चांगलं पंधरा मिनिटं बोललो. म्हटलं, ‘अगं, तुझ्या वऱ्हाडातलं धाब्याचं घर आठव. दोन-दोन हात जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, मधे चौक, ओसरी. बाहेर आगीचा लोळ आणि आत गारवा. आपले लोक शेताला काळी म्हणायचे आणि वस्तीला पांढरी म्हणायचे, त्यातच केवढं शहाणपण आहे.’ वर सेवाग्रामचं उदाहरण दिलं, मातीच्या कुटीत राहून एका माणसाने देश हलवला वगैरे. टाळ्या पडायच्याच काय त्या बाकी होत्या. मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलं.

तीन आठवड्यांनी तिचा नकाशा आला. मातीच्या भिंती, मातीचं धाबं, चौक. मी म्हटलं तसं तंतोतंत. परीक्षक खूश झाले. मीही खूश झालो. उठताना सहज विचारलं, ‘काय गं, तुला पटलं ना हे?’ ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, ‘सर, तुम्ही म्हटलं म्हणून केलं. पण माझ्या आजीचं घर धाब्याचंच हाये. दरसाल मृगाच्या आधी धाब्यावर माती टाका लागते, नाहीतर गळते. आजीनं जन्मभर टोपल्या वाहिल्या. होस्टेलमध्ये हे कोण करीन, सर?’

मला काही बोलता येईना.

मित्रहो, माझं बालपण दर्यापूर तालुक्यात धाब्याच्याच घरात गेलं. तो गारवा मी खोटा सांगितला नव्हता. मेच्या दुपारी ओसरीवर पालथं पडून मी पुस्तकं वाचली आहेत. पण पांढरीची टोपली माझ्या डोक्यावर कधीच आली नाही. ती आईच्या आणि मोठ्या बहिणीच्या डोक्यावर होती. भिंतींना पोतेरं त्या देत, सारवण त्या करत. मला त्या घराचा गारवा आठवत होता, त्याची मजुरी आठवत नव्हती. आणि पंच्याहत्तरीला टेकलेला मी, त्या आठवणीच्या जोरावर, आजीबरोबर राहिलेल्या मुलीला घर शिकवत होतो.

सेवाग्रामचं उदाहरणही मी अर्धंच दिलं होतं. गांधीजी १९३६ साली तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती आधी मीराबेनची झोपडी होती. पुढे गांधीजी तिथे राहू लागले आणि गरजेप्रमाणे ती वाढवली, बदलली गेली. म्हणजे ती कुटीसुद्धा सुधारलेला नकाशाच आहे. शिवाय ती आजही उभी आहे, कारण तिची डागडुजी करणारे हात आश्रमात आहेत. मी मुलीला कुटीचं रूप दाखवलं, हे हात दाखवले नाहीत.

त्या मुलीला मी म्हटलं, ‘तुझा पहिला नकाशा आण. आणि मी जे बोललो त्यातलं काय घेतलंस, काय टाकलंस, आणि का, ते एका कागदावर लिही.’ सरांनी मुदत वाढवून दिली, हे त्यांचे उपकार.

तिने आणलेला तिसरा नकाशा मला अजून आठवतो. भिंती राखेच्या विटांच्या, कारण पारसच्या औष्णिक केंद्राची राख जवळ आहे. पूर्व-पश्चिमेला निजायच्या खोल्या नाहीत. जिना, न्हाणी आणि सामानाच्या खोल्या. छप्पर काँक्रीटचंच, त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे, आणि वर हात-दीड हात जागा सोडून दुसरं हलकं छप्पर, म्हणजे ऊन वरच्यावर अडावं आणि मधून वारा जावा. पाया काळ्या जमिनीचा विचार करून. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, म्हणून खालच्या टोकाला फुगवटा असलेले, तीन-साडेतीन मीटर खोल जाणारे खांब. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत रूढ केली. चौक तिने ठेवला होता, पण मी सांगितला म्हणून नव्हे. तिने लिहिलं होतं, ‘मुलींना रात्री बाहेर न जाता उघड्यावर बसता यावं म्हणून.’

आणि पाणी. १०० चौरस मीटर छप्पर, वर्षाचा ७५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ७५,००० लिटर. वाया जाणारं वजा करून ६०,००० धरले. चाळीस मुली, प्रत्येकी ५ लिटर पिण्याचं पाणी, कोरडे २४० दिवस, म्हणजे ४८,०००. टाकी पुरते. खाली तिने एक वाक्य लिहिलं होतं: ‘यात हिरवी भिंत बसत नाही.’

हे मी तिचं कौतुक करायला सांगत नाही, टीका कशी असावी ते सांगतो आहे. अलीकडे विद्यार्थ्यांसाठी ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’सारख्या स्पर्धा निघाल्या आहेत. मूळ कल्पना अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची, आपल्याकडे ती २०२० पासून आली. तिथे टप्प्याटप्प्याने काम द्यायचं, परीक्षकांचे अभिप्राय घ्यायचे आणि सुधारून पुन्हा मांडायचं असतं. चौरस मीटरला वर्षाकाठी वीज किती, याचा आकडा द्यावा लागतो. हे मला फार चांगलं वाटतं, कारण आकड्याशी वाद करता येतो. ‘दम नाही’ याच्याशी करता येत नाही. पण टोपली कोण वाहणार, टाकी कोण धुणार, पॅनेलवरची धूळ कोण पुसणार, हे प्रश्न विजेच्या आकड्यात उतरत नाहीत. ते मुद्दाम विचारावे लागतात. आणि त्यांचं उत्तर पुष्कळदा परीक्षकापेक्षा विद्यार्थ्याच्या घरात जास्त असतं. खेड्यातून आलेली पोरं ते उत्तर ज्युरीत बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं, हे काही आर्किटेक्चर नाही.

आपल्या भाषेत टीका हा शब्द मोठा आहे. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो. तिथे टीका म्हणजे दोष काढणं नाही, अर्थ उलगडणं. ज्युरीतली टीका तशी व्हावी असं वाटत असेल तर दोन साध्या गोष्टी कराव्यात. परीक्षकाने असं बोलावं की ज्याला उत्तर देता येईल. आणि विद्यार्थ्याने सुधारलेल्या नकाशाबरोबर तो एक कागद जोडावा: काय घेतलं, काय टाकलं, का. ज्या कागदात काहीच टाकलेलं नसेल, तो परत पाठवावा.

त्या मुलीच्या कागदावर ‘टाकलं’ या रकान्यात पहिलंच नाव माझं होतं. तो कागद मी तिच्याकडून मागून घेतला. घरी टेबलाच्या खणात आहे. पुढच्या ज्युरीला जाण्याआधी वाचून जातो.

एवढं बोलून थांबतो. आता तुम्ही विचारा.