खलनायक सापडले, वाहिनी दिसली नाही

अ‍ॅलेक्स गिबनी यांचा ‘एन्रॉन : द स्मार्टेस्ट गाईज इन द रूम’ (२००५) हा माहितीपट वरच्या वर्गांना अवश्य दाखवावा. त्यातल्या ध्वनिफितीत वीज-व्यापारी चालू केंद्र बंद करायला हसत हसत सांगतात. मुलं ऐकून सुन्न होतील. पण ‘हे त्यांना जमलंच कसं?’ असं एखादीनं विचारलं, तर माहितीपटाकडे लोभाखेरीज फारसं उत्तर नाही. आम्हाला ते अपुरं वाटतं. लोभ आधीही होताच.

पूर्वी कॅलिफोर्नियात आपापल्या भागात एकच कंपनी वीज निर्माण करी, वाहून नेई आणि घरोघरी पुरवी. पुढच्या दहा वर्षांची मागणी अंदाजून केंद्रं आणि वाहिन्या यांचा आराखडा ती एकत्र आखी. १९९८ मध्ये बाजार खुला झाला, या कंपन्यांनी आपली बरीच केंद्रं विकली, आणि आराखडा कुणा एकाचा राहिला नाही. केंद्र उभारणारा बाजारभाव पाहतो; वाहिनी उभारणाऱ्याला केंद्र कुठे होणार हे आधी कळावं लागतं. शिवाय वीज करारानुसार नव्हे, किरखॉफच्या नियमांनुसार वाहते. एक नवी वाहिनी साऱ्या जाळ्यातले प्रवाह बदलते. मग तिचा खर्च कुणी द्यायचा?

राज्याच्या मध्यावर ‘पाथ १५’ हा असाच चिंचोळा मार्ग होता. जानेवारी २००१ मध्ये उत्तरेत भारनियमन झालं, तेव्हा दक्षिणेकडची वीज त्यातून पुरेशी येईना. एन्रॉनची ‘डेथ स्टार’ ही क्लृप्ती वाहिन्यांवरच्या कोंडीचाच पैसा करी. माहितीपट क्लृप्तीचं नाव सांगतो, कोंडी दाखवत नाही. (फळ्यावर दोन ठिपके आणि एक रेघ काढूनही काम झालं असतं!) २००४ च्या अखेरीस तिथे नवी वाहिनी आली आणि क्षमता ३९०० वरून ५४०० मेगावॅट झाली.

दाभोळ तर फसलेला परदेशी प्रकल्प म्हणून ओझरतं येऊन जातं. तिथे आपल्या वीज मंडळानं वीस वर्षांचा करार केला होता. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच. अंदाज चुकला तर भुर्दंड खरेदीदाराला. कॅलिफोर्नियात नेमकं उलट : वितरण कंपन्यांनी जवळजवळ सगळी वीज रोजच्या बाजारातून घ्यायची, ग्राहकांचा दर मात्र गोठवलेला. भाव भडकले आणि एप्रिल २००१ मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. दहा वर्षांनंतरच्या विजेची जोखीम कुणी घ्यायची, या एकाच प्रश्नाची ही दोन टोकं. दोन्हींकडे एन्रॉन होती, आणि दोन्ही गोष्टी दिग्दर्शकाच्या हाताशी होत्या.