पूजलेली पुस्तकं, न वाचलेलं रान

मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. श्रद्धांजलीच्या लेखांत ‘अरण्यऋषी’ हे बिरुद जागोजागी दिसलं, त्यांच्या पुस्तकांचं वाचन मात्र क्वचितच. मराठीत निसर्गलेखकाला नमस्कार केला जातो आणि पुस्तक कपाटात ठेवलं जातं. कादंबरीची किंवा कवितेची जशी कठोर समीक्षा होते, तशी रानाविषयीच्या पुस्तकाची होत नाही. हे लेखन थबकलं आहे, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

चितमपल्लींचंच घ्या. वनखात्यातल्या नोकरीनं त्यांना नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट दिलं. पण ‘नवेगावबांधचे दिवस’ किंवा ‘रानवाटा’ वाचताना जाणवतं, की त्यांचं खरं विद्यापीठ होतं माधवराव पाटील डोंगरवारांसारखा जाणकार मित्र, तळ्यावरचे ढिवर, गोंड वाटाडे आणि पारधी. या माणसांचं ज्ञान त्यांनी त्या त्या माणसाच्या नावानं नोंदवलं. ही सचोटी आजही दुर्मीळ आहे. मात्र त्यांच्या पानावर तीन प्रकारची माहिती एकाच पंगतीला बसते: स्वतः पाहिलेलं, कुणाकडून ऐकलेलं आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत वाचलेलं. लोकश्रुती हे धन आहेच, पण ती प्राणिशास्त्र नव्हे. पशुपक्ष्यांची भाषा शिकवणाऱ्या ‘निळावंती’ या पोथीची दंतकथा त्यांनी सांगितली, आणि आजही तरुण वाचक खऱ्या पोथीचा शोध घेत फिरतात. चितमपल्लींवर प्रेम करणाऱ्या समीक्षकानं निरीक्षण कुठं संपतं आणि आख्यायिका कुठं सुरू होते, हे केव्हाच दाखवून द्यायला हवं होतं. त्यानं त्यांची उंची कमी झाली नसती.

याच्या शेजारी व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ठेवून पाहावी. १९८२ ची ही छोटी कादंबरी. वानरांची टोळी, तिच्यावर चाल करून येणारे नर, हुसकावला जाणारा जुना हुप्प्या आणि नव्या नराकडून होणारी पिल्लांची हत्या. या बालहत्येच्या नोंदी संशोधक युकिमारु सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ केल्या होत्या. पुढच्या दशकात सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर काम केलं. हा विकृत प्रकार आहे की नराला वंशवाढीचा लाभ देणारी वागणूक, यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद चालू होता. त्या काळात एक मराठी लेखक हाच विषय कथनात आणतो आणि वानरांच्या डोक्यात माणसाची नीती घालत नाही, हे मोठं धैर्य आहे. वाक्यं आखूड आहेत, विशेषणं जवळजवळ नाहीत, कुणाची कीव नाही. साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण बहुतेकांनी तिला राजकारणाचं रूपक ठरवून मोकळं केलं. वानर हे वानर म्हणूनच वाचण्याची आपली तयारी नव्हती. चाळीस वर्षांनंतरही या वाटेनं फारसं कुणी पुढं गेलेलं नाही.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची (१९५६) वाट याहून वेगळी. बारा महिन्यांचं हे लेखन झाडाचा, ढगाचा, मातीचा रंग इतक्या बारकाईनं टिपतं, की नंतरचं बरंचसं ललित लेखन त्याची फिकट नक्कल वाटतं. नक्कल करणाऱ्यांनी भाववृत्ती उचलली, डोळा उचलला नाही.

आज काय दिसतं? माहितीची बाजू भक्कम झाली आहे, हे आनंदानं म्हणायला हवं. श्री. द. महाजनांचं ‘देशी वृक्ष’ हाती घेऊन रस्त्यावरचं झाड ओळखता येतं. किरण पुरंदरे यांच्या ‘सखा नागझिरा’त रानात दीर्घ काळ राहिलेल्या माणसाचा संयम आहे. पण दिवाळी अंकांतला नेहमीचा जंगललेख आता जिप्सीतून लिहिला जातो. पहाटेचं गेट, पाणवठा, अलार्म कॉल, मग वाघाचं साइटिंग आणि शेवटी धन्यता. रानातली पायवाट सुटली तशी या लेखनातली माणसंही गेली. ताडोब्याच्या बफरमध्ये मोहफुलं वेचायला भल्या पहाटे निघणाऱ्या बाईला वाघ दिसतो, तेव्हा तिच्या मनात काय होतं, ते या लेखांत येत नाही.

म्हणूनच अलीकडची मला महत्त्वाची वाटणारी दोन पुस्तकं ‘निसर्ग’ या फळीवर सहसा ठेवलेली नसतात. मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ समाजशास्त्रात जातं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण स्वतःचा बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. जंगल कसं राखलं जातं आणि कोणत्या कागदावर अडतं, हे इतक्या शांतपणे सांगणारं पुस्तक संवर्धनावरचं नाही, तर कशावरचं? दुसरं माधव गाडगीळांचं ‘सह्याचला आणि मी’, तेही आत्मचरित्रांत ठेवलेलं. देवरायांपासून २०११ च्या पश्चिम घाट अहवालापर्यंतचा प्रवास त्यात आहे. गाडगीळांचं लेखन शैलीदार नाही आणि काही जागी ते स्वतःच्या बाजूचा युक्तिवाद लांबवतात. तरीही लोकांना वगळून निसर्ग राखता येत नाही ही भूमिका ते आकडे, प्रसंग आणि भांडणं यांसकट मांडतात. आपल्या रसाळ जंगललेखनानं हे भांडण अंगावर घेतलेलं नाही.

आणि विषय समोर पडले आहेत. जुन्नरच्या उसात जन्मणारे बिबटे बातमीत रोज असतात, ललित लेखनात क्वचित. समुद्र बहुधा किनाऱ्यावर उभं राहूनच लिहिला जातो. सगळ्यांत जास्त सल आहे माळरानाचा. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात जाहीर झालेलं अभयारण्य कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्ष्याविषयी लोकांच्या मनात राग साठला. पुढं क्षेत्र आकसून बाराशे चौरस किलोमीटरांवर आलं, तोवर कालव्याचं पाणी आणि ऊस माळावर पोचले होते. या अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक आता जवळपास दिसेनासा झाला आहे. या एका गोष्टीत धनगरांचे कळप आहेत, कायदा आहे, शेतकऱ्याचा सातबारा आहे, संशोधकांची चिकाटी आहे आणि एक भव्य, लाजरा पक्षी आहे. ती त्या माळावर वाढलेल्या कुणीतरी लिहायला हवी, आणि माळढोकाला आपल्या शेतात चरताना पाहिलेली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन बसायला हवं.