बेट्टीचा डोंगर

प्रवासवर्णनात डोंगरदऱ्यांच्या नावांची रांग लागली की आपण पान उलटतो. रोआल्ड अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवावरील पुस्तकाच्या बाबतीत, जे १९१२ साली निघाले, वाचकांनी ही घाई करू नये असे मला वाटते. या गृहस्थाची लेखणी भलतीच अबोल आहे. एका तळावर चोवीस कुत्रे मारावे लागले. तेव्हा गोळ्यांचे आवाज कानी पडू नयेत म्हणून आपण तंबूत प्रायमस स्टोव्हला पंप मारीत बसलो, एवढेच तो सांगतो. तळाचे नाव ‘खाटकाचे दुकान’.

अशा लेखकाचे मन नावांतच शोधावे लागते. पुष्कळशी नावे सरळ देण्याघेण्याची आहेत. ज्या हिमनदीवरून तो पठारावर चढला ती आक्सेल हायबर्ग या धनिक आश्रयदात्याची. जवळचे एक शिखर डॉन पेद्रो क्रिस्तोफर्सन यांचे, कारण ब्युनोस आयरिसला त्यांनी मोहिमेला मदत केली होती. धर्मशाळेच्या भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या असतात ना, तसेच हे! नान्सेनच्या शिखराचे गौडबंगाल मात्र निराळे. ‘फ्राम’ जहाज नान्सेनने दिले ते उत्तरेकडे जाण्यासाठी. अमुंडसेन त्याला न कळवताच दक्षिणेला वळला. मग ४,००० मीटरांहून उंच शिखराला त्याचे नाव देण्यात कृतज्ञता किती आणि मनाची टोचणी किती?

या बड्या मंडळींच्या पायथ्याशी, बर्फाच्या सपाटीला लागून, एक लहानसा खडकाळ डोंगर आहे. नोव्हेंबर १९११ मध्ये अमुंडसेनने त्याला बेट्टीचे नाव दिले. बेट्टी ही राणी नव्हे, सावकाराची लेकही नव्हे. ती त्याच्या घरची जुनी दाई. साऱ्या नकाशात मला हे नाव सर्वांत मोलाचे वाटते, कारण यातून त्याला काही मिळायचे नव्हते. माझी तक्रार इतकीच, की नाव देऊन हा माणूस चालू लागतो. ती कशी बोलत असे, पोराला कशी रागे भरत असे, काही कळत नाही. दोन ओळी लिहिल्या असत्या तर पुस्तकाचे काय बिघडले असते? माझ्या दृष्टीने हा या ग्रंथाचा मोठा उणेपणा आहे.

आणखी एक गोष्ट. दुरून दिसल्यासारखा वाटलेला एक प्रदेश ‘कार्मेन लँड’ या नावाने नकाशावर चढला. १९२९ साली लॉरेन्स गोल्डची तुकडी तिकडे गेली, तेव्हा तिथे तसा प्रदेशच नाही असे आढळले. नाव पुसावे लागले.

बेट्टीच्या डोंगरावर परतीच्या वाटेत, जानेवारी १९१२ मध्ये, अमुंडसेनच्या माणसांनी दगडांची रास रचून तिच्यात सतरा लिटर रॉकेल, काडेपेट्या आणि मोहिमेची हकीगत लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. गोल्डच्या मंडळींना ती रास जागच्या जागी सापडली. चिठ्ठीही मिळाली.