‘नादेरु’ आणि ‘मिगाकु’ : तानिझाकींच्या निबंधातील स्पर्शवाचक क्रियापदे

प्रस्तावना

जुनिचिरो तानिझाकी (१८८६–१९६५) यांचा ‘इन्एइ राइसान’ म्हणजेच ‘सावल्यांचे स्तवन’ हा निबंध १९३३-३४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाश आणि अंधार यांविषयीच्या सौंदर्यविचारामुळे तो जगभर वाचला गेला. साहजिकच त्याची चर्चा प्रामुख्याने दृष्टीच्या अंगाने होते. तथापि त्यातील जुन्या वस्तूंच्या झळाळीविषयीचा युक्तिवाद हाताच्या क्रियांवर उभा आहे, आणि तो क्रियापदांच्या निवडीतून सिद्ध होतो, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

क्रियापदांचा गट

पृष्ठभागाशी येणारा हाताचा संबंध दर्शविणारी अनेक क्रियापदे जपानीत आहेत. ‘फुरेरु’ म्हणजे हलका, कित्येकदा अभावित स्पर्श. आपण एखाद्या विषयाला ओझरता स्पर्श करतो, त्या अर्थीही ते वापरले जाते. ‘सावारु’ म्हणजे प्रत्यक्ष हात लावणे. ‘कोसुरु’ म्हणजे दाब देऊन घासणे, ‘सासुरु’ म्हणजे दुखरे अंग हळुवार चोळणे, तर ‘केझुरु’ म्हणजे धारेने तासणे. ‘नादेरु’ म्हणजे पृष्ठभागाच्या उंचसखलपणाला अनुसरून तळहात फिरविणे. लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसे. या क्रियेने वस्तूत बदल व्हावा अशी अपेक्षा नसते. याउलट ‘मिगाकु’मध्ये बदल हाच हेतू असतो : घासून स्वच्छ करणे, चकाकी आणणे. दात घासण्यासाठीही हेच क्रियापद येते.

दोन झळाळ्या

तानिझाकी पाश्चात्त्यांच्या चांदीच्या भांड्यांविषयी लिहितात तेव्हा ‘मिगाकु’च्या कुळातील क्रियापद वापरतात. चांदीवर काळाची छाया चढू लागली की जपानी माणसाला समाधान वाटते. एखाद्या अजाण मोलकरणीने ती घासून लख्ख केली तर तिला मालकाची बोलणी खावी लागतात, असे ते सांगतात. पुढे जुन्या वस्तूंच्या तेजाकडे वळताना मात्र क्रियापदे बदलतात. तेथे ‘सावारु’ आणि ‘नादेरु’ येतात. वर्षानुवर्षे एकाच जागी हात फिरत राहतो, हाताचा तेलकटपणा वस्तूत मुरतो आणि तिला तेज चढते. म्हणजे हे तेज हाताच्या मळाचेच, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. एक झळाळी मळ काढून टाकल्याने येते, दुसरी तो मुरू दिल्याने. दुसरी झळाळी कोणी मुद्दाम आणलेली नाही, हेच तिचे मोल. आणि ते ‘नादेरु’च्या निर्हेतुकतेत सामावलेले आहे.

अनुवादाचा प्रश्न

थॉमस हार्पर आणि एडवर्ड सायडनस्टिकर यांचा इंग्रजी अनुवाद १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची भाषा नितळ आहे. परंतु त्यात चांदीच्या संदर्भातही ‘पॉलिश’ आहे आणि हाताने आलेल्या तेजासाठीही ‘पॉलिश’च आहे. मुळात समोरासमोर उभे असलेले दोन शब्द येथे एक झाले आहेत. इंग्रजीवरून मराठी करणारा दोन्ही ठिकाणी ‘चकाकी’ लिहून मोकळा होईल. वस्तुतः मराठीला ही अडचण पडू नये. घासून ‘लख्ख’ केलेले भांडे आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेला जात्याचा खुंटा यांतील भेद मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

युक्तिवादाची मर्यादा

हा भेद तानिझाकी पूर्व आणि पश्चिम यांच्यात वाटून देतात, ते मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्यांच्याच भाषेत ‘मिगाकु’ला मोठा मान आहे, कौशल्य वाढविण्यालाही जपानीत ‘हात घासून उजळणे’ या अर्थाचा वाक्प्रचार आहे. तलवारीला झिलई देणे ही तेथे स्वतंत्र कला आहे. एवढेच नव्हे, तर तानिझाकी ज्या लाखकामाची मुक्तकंठाने स्तुती करतात, त्यातील ‘रोइरो’ पद्धतीत शेवटचा थर तेल व बारीक भुकटीने पुन्हा पुन्हा घासूनच उजळतात.

निष्कर्ष

तात्पर्य, ‘नादेरु’ आणि ‘मिगाकु’ यांतील सीमारेषा दोन संस्कृतींमधून जात नाही. ती जपानी भाषेच्या आतूनच जाते. तानिझाकींचा सिद्धान्त अतिव्याप्त ठरला तरी त्यांची क्रियापदे अचूक आहेत. म्हणूनच या निबंधाच्या अनुवादकाने ‘सावली’च्या प्रतिशब्दाइतकीच काळजी हाताच्या क्रियापदांची घेणे आवश्यक आहे.